बाहाची देवमाशांची सफर: मार्चमध्ये, सत्तरीतल्या आईबाबांना घेऊन

प्रश्न थोडक्यात असा. कॅलिफोर्नियात राहणारे नवरा-बायको, पुण्याहून येणारे आईबाबा (६७ आणि ७१, दोघेही शाकाहारी, आईंचे गुडघे दुखतात), आणि सॅन डिएगोहून निघून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाला वळसा घालणारी अकरा-बारा दिवसांची बोटीची सफर. कधी जावे, कोणती घ्यावी, बोट लागली तर काय करायचे, जेवणाचे कसे? आणि माहितीपत्रकात 'उबदार पाणी' लिहिलेय म्हणजे गरम कपडे नकोत ना?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी. गरम कपडे हवेत, त्यावर वारा अडवणारे जॅकेट हवे आणि कानटोपीही हवी. उबदार पाणी खोटे नाही, पण ते द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला आणि पलीकडच्या अंगाला, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या आखातात. तिथेही मार्चमध्ये पाणी २० अंशांच्या आसपास असते. मालवणचा समुद्र डोळ्यांपुढे आणू नका. पॅसिफिकच्या अंगाने उत्तरेचा थंड प्रवाह खाली येतो. सॅन डिएगोला पाणी १४-१५ अंश, पॅसिफिक किनाऱ्यावरच्या, करड्या देवमाशांच्या सॅन इग्नासिओ खाडीत १७-१८. सकाळी आठला उघड्या होडीत, अंगावर तुषार घेत वाऱ्यात बसलात की पुण्यातला जानेवारी बरा वाटेल. दुपारी तिथेच ऊन चटका लावते. म्हणून एक जाड कपडा घेण्यापेक्षा तीन पातळ घ्या, आणि सगळ्यांत वरचा पाणी न झिरपणारा असू द्या.

आता मुख्य गोष्ट. लोक अशी सफर निवडताना प्राण्यांची यादी मोजतात: करडा देवमासा, निळा देवमासा, कुबडा (हम्पबॅक), सी लायन, एलिफंट सील. यादी सगळ्यांची सारखीच असते. कंपनीला विचारायचे ते तीन आकडे: एकूण किती सागरी मैल, किती रात्री बोट नांगरावर उभी असेल, आणि सॅन इग्नासिओत छोट्या होडीतून किती फेऱ्या मिळतील. सफर जमते की फसते ते इथेच ठरते.

हिशेब करून पाहा. या बोटी साधारण १० नॉटने चालतात, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर. सॅन डिएगो ते सान बेनितो बेटे सुमारे २७५ सागरी मैल. तिथून सॅन इग्नासिओची खाडी आणखी दीडशे, आणि खाडीपासून द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाचे काबो सान लुकास जवळपास तीनशे. म्हणजे बारा दिवसांतले पूर्ण तीन दिवस आणि तीन रात्री, सव्वासातशे मैल, नुसते हलत राहायचे, तेही उघड्या पॅसिफिकमध्ये. दक्षिणेकडे जाताना वारा आणि लाटा पाठीशी असतात, बोट डुलते पण आपटत नाही. परतीला हेच उलटे होते. वारा बहुतेक वायव्येचा, त्यामुळे उत्तरेकडे येणारी बोट प्रत्येक लाटेवर नाळ, म्हणजे पुढचे टोक, आपटत येते. शिडाच्या बोटी चालवणारे या परतीला 'बाहा बॅश' म्हणतात आणि प्रेमाने म्हणत नाहीत. म्हणून जाऊन-येऊन सॅन डिएगोची सफर घेऊ नका. सॅन डिएगोहून निघून काबो किंवा आखाताच्या काठच्या ला पासला संपणारी घ्या आणि विमानाने परता. तीच सफर उलट दिशेने, ला पासहून सॅन डिएगोला, स्वस्तात मिळत असेल तर ती स्वस्त का आहे ते आता कळले असेल.

तुमच्या आईबाबांसाठी मात्र यापेक्षा सोपा रस्ता सुचवेन. सॅन डिएगोची बोट सोडा. विमानाने ला पास किंवा लोरेतोला उतरा, आखातात सहा-सात रात्रींची बोट घ्या आणि करड्या देवमाशांसाठी एक दिवस रस्त्याने पलीकडे मॅग्दालेना उपसागराला जा. तिथले पुएर्तो लोपेस मातेओस हे गाव लोरेतोहून गाडीने सुमारे दोन तास, ला पासहून तीन-साडेतीन तास. ला पासहून निघणाऱ्या कित्येक सफरी हा दिवस बसने करवतातच. आखातात बेटांचा आडोसा असतो, रोज रात्री नांगर पडतो, आणि आईंना रात्री बाथरूमला जाताना भिंती धरून चालावे लागत नाही. अडचण एकच: उत्तरेचा वारा, स्थानिक भाषेत 'एल नोर्ते'. तो हिवाळ्यात अधूनमधून दोन-तीन दिवस धरून बसतो आणि तेव्हा बोट एखाद्या बेटाच्या दक्षिण बाजूला लपून राहते. मार्च उजाडला की त्याचा जोर उतरू लागतो.

मॅग्दालेना आणि सॅन इग्नासिओ यांत फरक आहे, तो लपवत नाही. मॅग्दालेनाचा उत्तर भाग म्हणजे वाळूच्या बेटाआडचा अरुंद पाण्याचा पट्टा. तिथे देवमासे हमखास दिसतात, पण हंगामात होड्यांची गर्दी होते. सॅन इग्नासिओत पाहण्याची हद्द आखलेली आहे, एका वेळी आत १६ च होड्या आणि प्रत्येकीला दीड तास. देवमासा आपणहून होडीला येऊन लागतो म्हणून जी खाडी प्रसिद्ध आहे, ती हीच. १९७२ मध्ये फ्रान्सिस्को मायोराल या मच्छीमाराच्या होडीला एक देवमासा येऊन चिकटला, आणि घाबरत घाबरत त्याने हात लावला. तिथून हे सुरू झाले. त्याआधी मच्छीमार या प्राण्याला भिऊन होडीच्या कडा बडवत जायचे. भीती उगाच नव्हती. १८५७ च्या हिवाळ्यात चार्ल्स स्कॅमन या अमेरिकन कॅप्टनने शेजारच्या ओहो दे लिएब्रे खाडीत शिकार सुरू केली, आणि पिल्लासाठी होड्या फोडणाऱ्या माद्यांना शिकाऱ्यांनी 'सैतानी मासा' हे नाव दिले. आज दोन्ही खाड्या १९८८ च्या एल विस्काइनो राखीव क्षेत्रात येतात, आणि १९९३ पासून त्या जागतिक वारशात आहेत.

आठवडा कोणता? पिल्ले डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत जन्मतात, साडेचार मीटर लांबीची. फेब्रुवारीच्या मध्याला खाडीत सगळ्यांत जास्त देवमासे असतात, पण त्यांत नर आणि एकट्या माद्याही असतात आणि त्या आपल्या उद्योगात. मार्चमध्ये ते उत्तरेला निघून जातात, मागे राहतात आया आणि महिना-दीड महिन्याची पिल्ले. पिल्लू दांडगट झालेले असते, आईची भीड चेपलेली असते. होडीला येणाऱ्या जोड्या याच काळात सर्वाधिक. एप्रिल लागला की खाडी रिकामी होत जाते. इकडे काबोजवळचे कुबडे देवमासे मार्चच्या मध्यानंतर कमी होतात आणि लोरेतोचे निळे देवमासे मार्चअखेरपर्यंत टिकतात. सगळ्यांचा मेळ बसतो तो फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते २० मार्च. तुमचे तिकीट या पट्ट्यात बसवा. सान बेनितोचे मोठे एलिफंट सील मात्र मार्चच्या मध्यापर्यंत बहुतेक समुद्रात गेलेले असतात, किनाऱ्यावर आईने सोडलेली गुबगुबीत पोरे तेवढी लोळत असतात. ती चुकली तर चुकली.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण विकणारे सांगत नाहीत. पूर्व पॅसिफिकमधल्या करड्या देवमाशांची संख्या २०१६ च्या सुमारास २७,००० होती, २०२५ च्या अंदाजात ती १३,००० च्या आसपास आहे. आर्क्टिकमधले अन्न कमी पडले की माद्या रोडावतात, आणि रोडावलेल्या मादीला पिल्लू होत नाही. म्हणजे खाडीतल्या जोड्या पूर्वीपेक्षा कमी. एका फेरीत हात लागेलच असे कुणी म्हणत असेल तर ते विसरा. दोन दिवसांत चार फेऱ्या असतील तर एखादी तरी जवळची भेट होण्याची आशा धरायला हरकत नाही. त्यातही सकाळच्या फेऱ्या मागून घ्या. दुपारनंतर वायव्येचा वारा चढतो, पाणी खवळते आणि दुपारची फेरी रद्द होणे नेहमीचे आहे. मोठी बोट खाडीच्या तोंडाशी भरतीची वाट पाहत थांबली तर कप्तानावर चिडू नका. तिथे वाळूचे दांडे आहेत.

छोटी होडी म्हणजे पांगा: सात-आठ मीटरची उघडी फायबरची होडी, मागे आउटबोर्ड इंजिन, आठ-दहा माणसे, चालवणारा पांगेरो स्थानिक परवान्याचा. बोटीतून पांगात उतरणे हाच आईंच्या दृष्टीने सगळ्यांत कठीण भाग, म्हणून नीट सांगतो. दोन्ही हात मोकळे हवेत; पिशवी, कॅमेरा, काठी आधी दुसऱ्याने खाली द्यायची. खलाशाचा पंजा धरायचा नाही, मनगटाला मनगट धरायचे, म्हणजे एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. पांगा लाटेवर वरखाली होत असते. ती वर येऊन क्षणभर थांबते तेव्हाच पाय टाकायचा. खाली जात असताना टाकला तर पायरी अर्ध्या फुटाने खोल जाते आणि गुडघा तिथेच मुरगळतो. खलाशी "आता" म्हणेपर्यंत थांबायचे, आणि एकदा निघालात की मध्येच विचार बदलायचा नाही. आत गेल्यावर लगेच बसायचे. साडी नको, पँट किंवा घोट्याला घट्ट सलवार, आणि ओल्या फरशीवर न घसरणारे मागे पट्टा असलेले सँडल.

देवमासा जवळ आला की सगळे त्याच बाजूला धावतात आणि पांगा कलते. पांगेरो ओरडतो तो त्यासाठी. दोघे-तिघे जा, बाकीचे बसून राहा. तो बहुतेक वेळा होडीखालून दुसऱ्या बाजूला येतोच. इंजिन न्यूट्रलमध्ये घुरघुरत ठेवलेले असते. ते बंद करा म्हणू नका, होडी नेमकी कुठे आहे हे त्याला त्या आवाजावरून कळत राहते. बांगड्या, अंगठ्या, घड्याळे आधीच काढून ठेवा. त्याच्या कातडीवर ओरखडा येतो आणि त्याच्या अंगावरच्या शंखांच्या कडांनी तुमच्या हातावर. हाताला सनस्क्रीन असेल तर पुसून टाका. डोळा आणि नाकपुडीची फट यांना हात लावायचा नाही, बाकी कातडी गार आणि गुळगुळीत, ओल्या टायरच्या ट्यूबसारखी लागते. नाकपुडीतून उडणारा फवारा अंगावर आला तर वास येईल. आठवण म्हणून घरी नेऊ नका, कपडे धुवा. पाण्यात उतरायला बंदी आहे, ड्रोनलाही.

आखातातला निळा देवमासा ही वेगळीच गोष्ट. तो होडीला येत नाही, त्याला शोधावे लागते, आणि शोधायचे ते प्राण्याला नव्हे, फवाऱ्याला. करड्याचा फवारा तीन-चार मीटर, बुटका, समोरून पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा. निळ्याचा नऊ-दहा मीटर, सरळ खांबासारखा. शांत हवेत काही किलोमीटरवरून दिसतो. सकाळी सूर्य पाठीशी ठेवून, मागच्या डोंगराच्या काळ्या पार्श्वभूमीवर नजर ठेवा. तो वर आल्यावर थोड्या-थोड्या वेळाने चार-सहा श्वास घेतो. शेवटच्या श्वासानंतर पाठ जास्त वाकते, कधी शेपटी वर येते, आणि मग तो दहा-पंधरा मिनिटे खाली. घड्याळ लावा. गेलेल्या जागी पाण्यावर तेल सांडल्यासारखे गुळगुळीत गोल उमटतात. ते कुठल्या रांगेत आहेत त्यावरून तो कुठे निघेल याचा अंदाज बांधता येतो. चांगला कप्तान त्या रांगेच्या बाजूला बोट थांबवून वाट पाहतो. मागे धावणारा कप्तान दिवसभर पाठच दाखवेल.

फिन देवमासा दुरून निळ्यासारखा भासतो. त्याचा उजवा जबडा पांढरा आणि डावा काळा असतो, तेवढे पाहा. डोक्यावर तीन लांब कंगोरे दिसले तर ब्रायडचा देवमासा. हाच कोकण किनाऱ्यावरही सापडतो.

कॅमेऱ्याबद्दल लोक उलट चूक करतात. सॅन इग्नासिओला लांब लेन्स घेऊन जातात आणि फोटोत नुसती कातडी येते. पांगामध्ये फोन किंवा रुंद कोनाची लेन्स, निळ्यासाठी १००-४००. शटर १/१००० च्या खाली नको, उसळीसाठी १/२०००. पांगात लेन्स बदलू नका. खारट तुषार कोरड्या कपड्याने पुसला की काचेवर मिठाचे ओरखडे पडतात; गोड्या पाण्यात भिजवून पिळलेले कापड झिपच्या पिशवीत ठेवा.

बोट लागण्याचे औषध उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. मेक्लिझिन २५ मिलिग्रॅम निघण्याच्या आदल्या रात्री एक, सकाळी एक, असा साधारण क्रम. तुमच्या घरात अ‍ॅव्होमिन असेलच. तीही चालते, पण म्हाताऱ्या माणसाला त्या गुंगीत तोल सांभाळणे जड जाते. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी निदान चार तास आधी लावायची, ती तीन दिवस चालते. सत्तरीत तिच्याने भ्रम होऊ शकतो. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर यांतले कुठलेच औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पट्टी हाताळल्यावर हात साबणाने धुवा. तोच हात डोळ्याला लागला की बाहुली मोठी होते आणि लोक घाबरून भलतेच निदान करतात. औषधाखेरीज: केबिन बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावरची मागा, आईबाबांना वरचा बंक देऊ नका, रिकाम्या पोटी राहू नका, फोनमध्ये मान घालू नका. आलेपाकाच्या वड्या जवळ असू द्या, त्यांचा खरोखर थोडा उपयोग होतो.

शाकाहाराचे आधीच लेखी कळवा आणि 'मासे, अंडी, कोंबडीचे पाणी, चरबी काहीच नाही' असे सुटे करून लिहा. बोट बंदरात एकदाच सामान भरते. तिसऱ्या दिवशी लक्षात आले तर खलाशी बटाटे आणि सॅलडच देऊ शकतात. किनाऱ्यावर राजम्यासारखे दिसणारे घोटलेले बीन्स पुष्कळदा डुकराच्या चरबीत केलेले असतात आणि भात कोंबडीच्या पाण्यात. विचारायचा शब्द 'मांतेका', म्हणजे चरबी. घरून सीलबंद खाकरा, मेतकूट, लोणचे, शेंगदाण्याची चटणी न्या; ताजी फळे आणि भाज्या नकोत, सीमेवर काढून घेतात.

बेटांवर उतरताना होडी वाळूला लागते आणि घोटाभर पाण्यात उडी मारायची असते. मराठीत याला पाणउतारा म्हणायला हवे, पण तो शब्द आधीच दुसऱ्या कामाला लागलाय. पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या. वाळूत पाकट दडलेली असते आणि पायाच्या धक्क्याने ती निघून जाते. डंख झालाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा. आखातातल्या सांता कातालिना बेटावर चालणार असाल (तिथल्या रॅटलस्नेकला वाजणारी खुळखुळी नसते, त्यामुळे आवाजाची वाट पाहू नका) तर बंद बूट आणि खिशात फणी. चोया निवडुंगाचा गोळा पायाला चिकटला तर बोटांनी काढायचा नाही, फणीने उडवायचा. लोस इस्लोतेस या खडकांवर सी लायनांबरोबर पोहता येते, पाच मिलिमीटरचा वेटसूट घालून. आईबाबांनी ते पांगातून पाहावे, तितकेच मजेचे आहे. फक्त भल्या मोठ्या नराच्या आणि खडकाच्या मध्ये कुणी शिरू नये.

औषधे दुप्पट घ्या आणि दोन बॅगांत वाटा. प्रवासविम्यात समुद्रातून उचलून नेण्याचा खर्च आहे का ते वाचा. खाडीपासून सॅन इग्नासिओ गावच साठेक किलोमीटर दूर आहे.

राहिले व्हिसाचे. भारतीय पासपोर्टवर वैध अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. तुमच्या आईबाबांचा बहुप्रवेश व्हिजिटर व्हिसा त्यात बसतो. अडकतात ते इथे नोकरी करणारे: एच-१बी मंजूर असते, पण पासपोर्टमधल्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली असते. त्यांना मेक्सिकोचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, आणि परत अमेरिकेत शिरण्याचे नियम वकिलाला विचारूनच निघावे. बोटीची अनामत रक्कम बहुधा परत मिळत नाही, म्हणून चौघांचे पासपोर्ट उघडून तारखा पाहा आणि मगच पैसे भरा.